खरं लक्षण

शिवणकामाचं दुकान उघडून तास झाला नाही, तोच सासूबाईंनी ते डोक्यावर घेतलं. शिवण वाकडी गेली, तर मशीन मेलं भंगार. कप धरायला गेलेला हात वीतभर अलीकडेच मिटला, तर सुनेने कप लांब ठेवलेला. तोल जाऊन खांदा चौकटीवर आपटला, तर चौकट बसवणारा सुतार आंधळा. जीभ जड झाली, तर कवळीवाला चोर! चाळीस वर्षांत त्यांना चूक सापडली ती दुसऱ्याचीच.

मग शर्टाला बाही उलटी लागली. सासूबाई त्या बाहीकडे बघत काहीतरी पुटपुटल्या, आणि सुनेने त्यांना तडक दवाखान्यात आणलं.

"लहान मेंदूला झटका आलाय," डॉक्टर म्हणाले. "तोल जाणं, हात चुकणं, बोबडं बोलणं, सगळं त्यामुळेच. वेळेत आणलंत म्हणून बरं! ओळखलंत कशावरून?"

खाटेवर सासूबाईंनी कान टवकारले.

"तोंडाचा पट्टा नेहमीसारखा चालू होता, म्हणून आधी मी निर्धास्त होते," सून म्हणाली. "पण ती बाही बघून आई जे बोलल्या, त्याने माझे हातपायच गार पडले."

"काय बोलल्या?"



"म्हणाल्या, 'माझंच चुकलं गं.'"