कणकेची जाडी

कारभारी मिस्त्रींचं पत्र सहा वर्षं माझ्या एका पुस्तकात पडून होतं. ‘मास्तर, तुमच्या जुन्या गाडीचा व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला, त्यात माझा हात चुकला का? खरं सांगा. तवापासून मी इंजिन बांधायचं सोडलंय.’ उत्तर मला माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

आज धीर केला. त्याच गाडीत नवे व्हॉल्व्ह घालून पिस्टनवर कणकेचा गोळा ठेवला, तेच जुनं हेड, म्हणजे इंजिनचं झाकण, वर आवळलं आणि इंजिन हातानं सावकाश फिरवलं.

“म्हातारपणी गाडीला जेवू घालता व्हय?” माझी बायको विमल हसली.

मला हसू येईना. हेड उचललं. व्हॉल्व्ह पिस्टनला लागू नये म्हणून त्याच्याखाली कणीक निदान दोन मिलिमीटर उरायला हवी होती. ती कागदाएवढी झाली होती.

 

संध्याकाळी राहात्याच्या पोस्टात पत्र टाकलं: ‘कारभारी, गाडीचा जोर वाढावा म्हणून हेड जास्त घासून पातळ करून आणलं ते मी, आणि बांधताना तुम्ही कणीक मागितलीत तेव्हा “गरज नाही, पुस्तकावरून गणित केलंय” म्हणालो तोही मीच. इंजिन उघडं ठेवलंय, बांधायला तुम्ही या.’