ढम्याची सुट्टी

"बस," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा कुत्रा ढम्या भर वाटेत बसला.

मास्तर आणि त्यांची नात चाळीस पावलं पुढे गेली. वाटेच्या एका अंगाला कापणी झालेलं शेत होतं, दुसऱ्या अंगाला दाट झुडपं. पुढे मळ्याची दगडी भिंत लागत होती. भिंतीपाशी पोचल्यावर मास्तर वळले.

"आता बघ. मी सुट्टी देईपर्यंत आभाळ कोसळलं तरी हलायचा नाही."

नातीने तोंडाभोवती हातांचा कर्णा केला. "सुट्टीऽऽ!"

ढम्याने नुसता एक कान हलवला.

"तू देऊन काय उपयोग? सुट्टी मास्तरच देतात." मास्तर मिशीतल्या मिशीत हसले. "सहा महिने घासलंय त्याला. नाहीतर तू! तुला अजून सातचा पाढा येत नाही."

"त्याला तरी कुठे येतो?"

मास्तर खो खो हसले. हसता हसताच त्यांना झुडपं हललेली दिसली.

आधी पिल्लं बाहेर आली. अंगावर पट्टे असलेली, पाच-सहा, एकमेकांना ढुशा देत. नातीने टाळी वाजवायला हात वर केले. तेवढ्यात मागून त्यांची आई आली. रानडुकरीण वाट ओलांडायला निघाली होती. वाटेत कुत्रा दिसला तशी ती थबकली. तिच्या मानेवरचे केस ताठ उभे राहिले.

मास्तरांची पाचावर धारण बसली. त्यांनी नातीला बखोटीला धरून उचललं आणि भिंतीवर बसवलं. मग स्वतः चढायला गेले. भिंत खांद्याएवढी होती आणि गुडघे सत्तरीचे. पोट कसंबसं वर आलं. पाय मात्र बाहेरच लोंबत राहिले.

ढम्याने डुकरिणीकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. त्याचं सगळं अंग थरथरत होतं, पण बूड जमिनीला टेकलेलं होतं.

"आजोबा, सुट्टी द्या!"

मास्तर बोलले नाहीत. सुट्टी दिली की ढम्या बाणासारखा त्यांच्याकडेच येणार. आणि त्याच्या मागोमाग ती.

"आजोबा, द्या ना हो! तो तुमचंच ऐकतो!"

मास्तरांनी तिच्या तोंडावर हात दाबला. पोरीच्या जिवासाठी, असं त्यांनी मनाला बजावलं. पोर तर भिंतीवर होती. खाली लोंबत होते ते पाय मास्तरांचे होते.

पहिल्या धडकेला ढम्या कोलमडून शेताच्या कडेला पडला. उठला. एका पायाने लंगडत वाटेवर आला. आणि जिथे मास्तरांनी बसवलं होतं, बरोबर तिथे येऊन पुन्हा बसला.

दुसऱ्या धडकेनंतर त्याला बसता आलं नाही. तरी मान वर होती आणि नजर भिंतीकडे. डुकरीण त्याच्यावर पुन्हा पुन्हा तुटून पडली. मास्तरांच्या तळहाताला नातीचे दात लागले, पण त्यांनी हात काढला नाही. मग डुकरीण पिल्लांना घेऊन शेतात निघून गेली, जणू काही झालंच नव्हतं. वाटेवर धूळ तेवढी बराच वेळ तरंगत राहिली.

घरी जाताना मास्तरांना एकच गोष्ट खात होती. सुनेला खरं कळलं तर ती पोरीला पुन्हा आपल्याबरोबर पाठवणार नाही. फिरायलाच काय, आपल्या शेजारी अभ्यासालाही बसू देणार नाही. म्हातारपणी दुसरं होतं काय त्यांच्यापाशी? एकदोनदा त्यांनी नातीचा हात धरायला बघितला. ती दोन पावलं मागे राहूनच चालली.

सून ओट्यापाशी भाजी चिरत होती. "आलात? आणि ढम्या कुठाय?"

"रानडुकरीण आली गं," मास्तर खुर्चीत बसत म्हणाले. "मी घसा फोडून हाका मारल्या. एकदा नाही, दहा वेळा. हललाच नाही. शेवटी कुत्रंच ते!"

सुनेची सुरी थांबली. "तुम्ही हाक मारलीत, बाबा, आणि ढम्या हलला नाही?"

"घाबरला असेल."

सुनेने हात पुसले आणि ती लेकीसमोर उकिडवी बसली. पोरीला खोटं पचत नसे. साधा लाडू चोरला तरी तिचे कान लालबुंद व्हायचे आणि अख्ख्या घराला कळायचं. सुनेने तिच्या कानांवरचे केस मागे सारले.

"तू सांग, बाळा. काय झालं?"

मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

नातीने आधी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आईकडे वळून स्वच्छ आवाजात म्हणाली, "आजोबा खूप ओरडले, आई. ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला. मीसुद्धा ओरडले. ढम्यानेच ऐकलं नाही."

तिचे कान जसेच्या तसे होते.

सुनेने तिला पोटाशी घेतलं. आईच्या खांद्यावरून नात मास्तरांकडे बघत राहिली, पापणीही न लववता.

मास्तरांनी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. एका दुपारीत एवढं शिकलेलं मूल त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.