हुकल्यावरची नजर

कोरियातल्या सुवॉन शहरात नदीकाठच्या मैदानाबाहेर तेसोक जाळीला नाक लावून उभा होता. पोरीसाठी तो बघत असलेला हा तिसरा फुटबॉल क्लब. कपाटातले चषक त्यानं पाहिले नाहीत, कोचचं गोड बोलणंही कानाआड केलं.

“मग बघता तरी काय, आरिनचे बाबा?” थर्मासमधला जवाचा चहा ओतत सेबोमची आई म्हणाली. तिची पोरगी इथंच खेळायची.

“गोल हुकला की पोरं कुठं बघतात ते. चेंडूकडं बघितलं तर कोच चांगला. आधी मान वळवून कोचकडं बघितलं, तर समजायचं, हा हरामखोर पोरांना मारतो नाहीतर घालूनपाडून बोलतो. मागच्या दोन्ही क्लबांतून पोरगी तडक घरी नेली मी.”

“अगंबाई! तुम्ही तर पोलिसांत हवे होतात.”

इथली पोरं हुकली की हसत चेंडूमागं धावत होती. तेसोकचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात चाचणीसाठी उतरलेल्या आरिनच्या पायाशी चेंडू आला. समोर गोल मोकळाच होता. तिनं चेंडू बाहेर मारला.

“असू दे गं, परत मार!” कोच टाळी वाजवत ओरडला.

आरिननं चेंडूकडं बघितलं नाही, कोचकडंही नाही. खांदे आक्रसून ती जाळीकडं, बापाकडं बघत उभी राहिली.

सेबोमच्या आईनं पुढं केलेला पेला तसाच मागं घेतला.

सराव संपायला अजून थोडा वेळ होता. त्यानंतर आरिनला घरीच जायचं होतं.