कोमट पाणी

सुनेला मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तरी सासूबाईंना ते पटलं नव्हतं. दिसायला धडधाकट बाई, पण दुपार झाली की भिंत धरून चालते, हातातला कप पाडते. "नसांचा आजार म्हणे. आमच्या वेळी असले लाड नव्हते," त्या उठताबसता ऐकवायच्या. आज बाळाच्या अंघोळीच्या टबात मनगटापर्यंत हात बुडवून सून म्हणाली, "आई, कोमट आहे. द्या त्याला." जुन्या सवयीने सासूबाईंनी आधी आपलं कोपर पाण्याला लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. "अगं, हात काढ, भाजतोय तुझा." सुनेने हात वर काढला. तो लालबुंद झाला होता आणि ती परक्याचा हात पाहावा तशी बघत राहिली. सासूबाईंनी उघड्या बाळाला छातीशी धरलं. सुनेने त्याचं पाऊल मुठीत घेतलं. "आई, पाय गार पडलेत का हो याचे?"