बाबाची साखर

"कोनाची साखर निघाली?" भिमाबाईने चुलीपासून उठत विचारलं.

राजकुमारच्या हातात दोन कागद होते. एक त्याचा, एक वडिलांचा. तो क्षणभर घुटमळला.

"बाबाची," तो म्हणाला.

ते खोटं होतं. आठवड्यापूर्वी मेहकरला त्याच्या कॉलेजात तपासणीचं शिबिर झालं होतं. पालकांनाही बोलावलं होतं, म्हणून बापलेक दोघांनी रक्त दिलं. रिपोर्ट आणायला मात्र राजकुमार एकटाच गेला. डॉक्टरांनी त्याच्या कागदावर लाल पेनाने रेघ मारली. "काठावर आहेस. वय एकवीस तुझं! गोळी देत नाही. गोड कमी कर, दिवसभराचं बसणं सोड, रोज तासभर चाल. तीन महिन्यांनी परत बघू." त्याच्या चोपन्न वर्षांच्या बापाच्या, मोतीरामच्या कागदावर काहीच दोष नव्हता.

राजकुमार एम.एस्सी. करत होता. लेक्चर मोबाइलवर, नोट्स मोबाइलवर, दोस्तही मोबाइलवर. प्रॅक्टिकल असलं तरच तो कॉलेजात जायचा, आणि फाट्यापर्यंत बाप त्याला मोटरसायकलवर सोडायचा. बाकीचे दिवस भिंतीला उशी लावून खाटेवर. ताटही तिथेच यायचं. एकविसाव्या वर्षी साखर, हे गावाला कळलं तर पोरं काय म्हणतील, आई किती रडेल, हे सगळं त्याच्या मनात आलं आणि तोंडून 'बाबाची' निघून गेलं. बापाचं वय झालंय. त्या वयात कुणालाही निघते. आणि रिपोर्ट तर इंग्रजीत होता.

"दिवसभर वावरात राबनाऱ्या मानसाले साखर कशी काय निघते?" भिमाबाई म्हणाली.

मोतीरामने हात पुढे केला. दोन्ही कागद पाहिले, घडी घालून खिशात ठेवले.

"निघते एखाद्याले," तो म्हणाला. "डॉक्टरनं काय सांगलं?"

डॉक्टरांनी आपल्याला सांगितलेलं सगळं राजकुमारने बापाच्या नावावर सांगून टाकलं.

"मंग उद्यापासून चालतो. पन एकटा नाही जात. चक्कर-बिक्कर आली त? तू चाल संग."

नाही म्हणायला राजकुमारला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोतीरामने हाक मारायच्या आधीच तो उठून बसला होता.

पहिले काही दिवस वाईट गेले. गावाबाहेरची ओढ्यावरची मोरी जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. तिथे पोचेपर्यंत राजकुमारच्या पोटऱ्या भरून यायच्या, छातीचा भाता व्हायचा. पण आधी थांबायचा तो मोतीरामच. "बसू जराक. दम लागला मले," म्हणत तो मोरीच्या कठड्यावर टेकायचा. राजकुमारला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटायची. मग दोघं मागे फिरायचे. राजकुमार खाटेवर आडवा व्हायचा. मोतीराम खांद्यावर फवारणीचा पंप टाकून वावरात जायचा.

भिमाबाईने घरातला साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. "घरात एकाले नाही त कोनालेच नाही," ती म्हणाली. मोतीराम बिनसाखरेचा चहा एका दमात पिऊन टाकायचा.

दुसरबीडला नात्यातलं लग्न होतं. पंगतीत बुंदी आली. मोतीरामला बुंदी फार आवडायची. वाढणारा जवळ आला तसा त्याने पत्रावळीवर हात आडवा धरला.

"नको बा. साखर हाय मले."

पलीकडे बसलेला म्हातारा हळहळला. "एवढा काटक गडी तू मोतीराम, अन् तुलेबी धरलं?"

मोतीराम नुसता हसला. राजकुमारच्या पत्रावळीवर बुंदीचा ढीग पडला होता. त्याच्याने एक दाणाही गिळवला नाही.

आता मोरी केव्हाच मागे पडायची. दोघं फाट्यापर्यंत जाऊ लागले. राजकुमारची पँट सैल झाली. दुपारी वाचताना डोळे मिटेनात, तेव्हा तो पुस्तक हातात घेऊन अंगणात येरझारा घालू लागला. तीन महिने भरत आले. परवा परत रक्त द्यायचं होतं.

त्या पहाटे फाट्याजवळ मोतीराम सवयीने म्हणाला, "बसू जराक. दम लागला मले."

राजकुमारला आज स्वतःला दम लागला नव्हता. म्हणून त्याला पहिल्यांदाच बापाचा श्वास ऐकू आला. तो अगदी संथ चालला होता. झोपेतल्या माणसाचा चालतो तसा.

राजकुमार बसला नाही. रस्त्यातच उभा राहिला.

"बाबा, तुमाले साखर नाही. मले हाय. मी खोटं बोललो."

हिवरा आश्रमाकडे जाणारी एक जीप धुरळा उडवत निघून गेली. मोतीरामने धुरळा खाली बसू दिला.

"माहीत हाय मले," तो म्हणाला.

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून. इंग्रजी नाही येत मले, पन आकडे येतात. लाल रेघ मारलेल्या कागदावर वय एकवीस लिवलं होतं."

राजकुमारला एकेक आठवत गेलं. लग्नातली पंगत, तो म्हातारा, तीन महिन्यांचा तो चहा.

"मंग बोलले काऊन नाही? माह्या कानाखाली वाजवाची होती."

मोतीराम उठला. धोतर झटकलं.

"दोन वर्सं झाले, तुले सांगून राह्यलो, 'उठ बाबू, जरा फिरून ये.' सोतासाठी तू एक डाव उठला नाही," तो म्हणाला. "माह्यासाठी मातर पहिल्याच दिवशी उठला."