नऊ नंबर

गोव्याहून आलेल्या त्या फॉरवर्डसाठी पांढऱ्या रश्श्याचा डबा घेऊन मैदानावर कोण आलं होतं, तर इंद्रजितचे सख्खे वडील. इंद्रजितच्या अंगाचा तिळपापड झाला. कोल्हापूरच्या या फुटबॉल संघासाठी सात वर्षं तो नऊ नंबरची जर्सी घालून गोल मारत होता. त्याच्यासाठी कधी कुणी डबा आणला नव्हता.

वर्गणीतून यंदा बाहेरचा एकच खेळाडू परवडणार होता. पुढं खेळणारा घ्यायचा की मागं, हे कमिटीचं ठरत नव्हतं.

"बॅकला माणूस नाही. आजच्या चाचणीपुरता तूच मागं उभा राहा," संघाचे मॅनेजर मामा म्हणाले.

इंद्रजितला तेच हवं होतं. तासभर त्यानं गोवेकराची पाठ सोडली नाही. त्याच्या पायातला चेंडू काढून घेतला, डोक्यावरचा उडवला, एकदा तर मातीत घसरत जाऊन गोललाइनवरून बाहेर काढला. आता बघू कोण घेतंय याला, असं मनात म्हणत तो सोललेल्या गुडघ्यानं लंगडत बाहेर आला.

मामांनी त्याला कडकडून मिठी मारली.

"मर्दा, गोव्यात याला कुणाच्या बापाला अडवता आलं नाही, आणि तू एक गोल मारू दिला नाहीस. सात वर्षं आम्ही तुला चुकीच्या जागेवर खेळवलं बघ. असला बॅक घरात असताना बाहेरून कशाला आणायचा? सगळा पैसा आता या गोवेकरावर लावू."

मग त्यांनी गोवेकराला हात करून जवळ बोलावलं.

"आणि अंगातली ती नऊ नंबरची जर्सी काढ जरा. त्याला बसते का बघू."