निळ्या काठाचं ताट

आश्रुबाचा हात उठला आणि कडूबाईच्या मनगटावर बसला. प्याला उडाला. काचेचा, दोन पेरांएवढा इवलासा प्याला. सारवलेल्या भुईवर पडला म्हणून फुटला नाही, पण काळ्या मनुकांचं लालसर पाणी तिच्या धुवट लुगड्यावर पसरलं.

"डोळे फुटले का गं? निळ्या काठाचं ताट कोणाचं, ठावं न्हाई तुला?"

डोळे खरंच गेले होते. दोन वर्षांपासून मांगवाड्यातल्या कडूबाईला ऊन आणि सावली, एवढंच कळायचं. मिशनच्या देवळात प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीतल्या भाकरी-प्याल्याला, ती चाचपडत पुढं आली, ताट हाताला लागलं, प्याला उचलला. एवढाच तिचा गुन्हा!

पाळकसाहेब हातात भाकरीचे तुकडे घेऊन तसेच उभे राहिले.

देवळाची ख्रिस्ती मंडळी दोन वाड्यांची होती, महारवाड्याची आणि मांगवाड्याची. गावाला विटाळ दोघांचाही. गावच्या आडावर बंदी दोघांनाही. मिशनच्या साहेबानं दोघांना एकाच दिवशी एकाच नदीत बाप्तिस्म्याला बुडवलं आणि सांगितलं, आता तुम्ही एक शरीर. शरीर एक झालं, हंडे वेगळेच राहिले. रझाकारांच्या दिवसांत मात्र सगळे एका ओढ्यात लपले, एका गाडग्यातलं पाणी प्यायले. तेव्हा कुणाला काही आठवलं नाही. पोलीस ॲक्शन झाली, लोक घरी आले, आणि गाडगी पुन्हा वेगळी!

पूर्वी प्रभुभोजनाला पितळेचा एकच प्याला फिरायचा. महारवाडा आधी, मांगवाडा नंतर. मग मिशनच्या मडमेनं पेटी पाठवली. आत अठ्ठेचाळीस काचेचे प्याले. एकाच्या तोंडचा आजार दुसऱ्याला नको, म्हणून. मंडळीचा कारभारी महारवाड्याचा आश्रुबा. त्याला पेटी बघून कोण आनंद झाला! त्यानं त्याच दिवशी वाटणी केली. चोवीस प्याले निळ्या काठाच्या ताटात, ते महारवाड्याचे. चोवीस पत्र्याच्या ताटात, ते मांगवाड्याचे. प्याले सगळे सारखे, एका साच्यातले. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. झालं, रीत पडली.

प्याले धुण्याचं काम आश्रुबानं आपल्याच पोरीला दिलं. मार्था चौदा वर्षांची. बोरीच्या शाळेत सातवीत.

"मांगवाड्याकडं देऊ नगं, फोडतील," तो म्हणाला होता. "त्यांचे शेवटाला धू. पाणी वेगळं घे. राख बी वेगळी."

मार्था "हूं" म्हणाली होती. आश्रुबाला वाटलं, पोर गुणाची हाय.

आज ती गुणाची पोर बायकांच्या सतरंजीवर बसली होती, आणि तिचे कान तापले होते.

"हिला मंडळीतून काढा," आश्रुबा म्हणाला. "आजच्या आज. वहीतलं नाव खोडा, पाळकसाहेब."

"कारभारी, आंधळी हाय हो ती," पाळकसाहेब म्हणाले.

"आज आंधळी चुकली. उद्या डोळस चुकतील."

कडूबाईनं हात जोडले. ते आश्रुबाकडं नव्हते, भिंतीकडं होते. तो कुठं उभा आहे, तेही तिला दिसत नव्हतं.

"आश्रुबा भाऊ, काढ बाबा. पर मातीला जागा ठिव. माझा म्हातारा मिशनच्या मातीत निजलाय. तुमी काढल्यावर तितं मला कोण पुरू देईल? आन् गाव तर ख्रिस्ती म्हणून थाराच देत न्हाई. मेल्यावर मी जाऊ कुठं?"

मांगवाड्याची माणसं भुईकडं बघत बसली. महारवाड्यातल्या निम्म्यांचं पिऊन झालं होतं. ती हातातल्या रिकाम्या प्याल्यांकडं बघत बसली.

पाळकसाहेबांनी वही उघडली. टाक दौतीत बुडवला.

मार्था उठली. आई कस्तुराबाईनं तिचा परकर ओढला. "बस खाली, भवाने! बापाला तोंड देती का?"

मार्था बसली नाही. तरातरा पुढं गेली, भुईवरचा प्याला उचलला आणि बापाच्या नाकासमोर धरला.

"बा, ह्यो कोणाचा?"

"आपला. कोणाचा म्हंजे?"

"कशावरून?"

"निळ्या ताटातला हाय म्हणून. ठेव तो. बस जा."

"ताट निळं हाय, बा. प्याल्यावर कुठं काय लिवलंय?"

"मार्था!"

"आठ महिने झाले, समदे प्याले मी एकाच बादलीत धुवायलेय. एकाच राखंनं. हाताला लागंल त्यो घ्यायचा आन् हाताशी असंल त्या ताटात ठिवायचा. कोणता कोणाचा, मलाच ठावं न्हाई."

मागं कोणीतरी पदरानं तोंड पुसलं. आश्रुबाची जीभ ओठांवरून फिरली आणि मध्येच थांबली. पाळकसाहेबांच्या टाकातून शाईचा थेंब वहीवर पडला.

मार्थानं सुरईतलं मनुकांचं पाणी त्याच प्याल्यात ओतलं. कडूबाईचा हात धरून त्यात प्याला ठेवला. मग ती पाळकसाहेबांकडं वळली. रागानं तिचा आवाज चिरकत होता, तरी ती थांबली नाही.

"लिवा की, पाळकसाहेब! पर कडूआत्याच्या आधी आमच्या बाचं नाव खोडा. दर खेपेला पयला प्याला त्योच पितो."